बाईंचा उजवा हात

परीक्षार्थींची यादी मंगळवारी सकाळी फोनवर आली तेव्हा तो एका सात मजली इमारतीच्या डोक्यावर, लिफ्टच्या यंत्रखोलीत उकिडवा बसून पोलादी दोराचे तुटलेले धागे मोजत होता. बारा नावं होती, वयांसकट. सत्तावीस, एकतीस, चोवीस, अशी उतरत जाणारी नजर अकराव्या ओळीशी अडखळली. सदुसष्ट. नाव वाचायच्या आधीच त्याला कळलं, आणि दोराचे किती धागे मोजून झाले होते ते तो विसरला. खाली कुणीतरी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली, पुन्हा चुकला, आणि शेवटी दिव्याखाली बसून यादी नीट वाचली. बाई परीक्षेला बसल्या होत्या. चाळीस वर्षं शिकवून झाल्यावर, शिकवता येतं की नाही याची परीक्षा. आणि प्रात्यक्षिकाचा परीक्षक तो होता.

आठवडाभर तो लिफ्ट तपासायचा आणि शनिवार-रविवारी चीअरलीडिंगच्या स्पर्धांत नियमांचा पंच म्हणून बसायचा. बाकीचे पंच उड्या किती उंच, चेहरे किती हसरे, हात किती एकसारखे ते बघून गुण द्यायचे. याचं काम गुण कापण्याचं. चटईबाहेर पाऊल, अर्धा. वर चढवलेली मुलगी खाली येताना कुणाचा हात नाही, दोन. तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या पाठराखणीची नजर ढळली, एक. संगीत वाजत असायचं, लोक ओरडत असायचे, आणि हा पठ्ठ्या फक्त पाठराखणीच्या हातांकडे बघत असायचा. बायको म्हणायची, 'तुला कधीतरी वरची मुलगी दिसते का रे? केवढी हसत असते ती.' त्याला ती दिसायची नाही हे खरं होतं. संघांमध्ये त्याला 'कात्री' म्हणत हेही त्याला ठाऊक होतं. मात्र कुणी त्याला अन्यायी म्हटलं नव्हतं, आणि एवढ्यावर तो खूश होता. या मोसमापासून संघटनेने नियम केला होता की प्रमाणपत्र नसलेल्या प्रशिक्षकाला चटईच्या कडेला उभं राहता येणार नाही, आणि असा प्रशिक्षक नसेल तर संघ बाद. बैठकीत याच नियमाच्या बाजूने तो सर्वांत जास्त बोलला होता. बोलताना बाईंचा विचार त्याच्या मनातही आला नव्हता. बाईंना प्रमाणपत्र नसेल हे, समुद्राला परवाना नसेल म्हटल्यासारखं, त्याला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी परीक्षकांनी भरायचा अर्ज त्याने जेवणाच्या टेबलावर उघडला. परीक्षार्थींपैकी कुणाशी नाते किंवा पूर्वसंबंध असल्यास लिहावा. पेन हातात धरून तो बसून राहिला. नातं काय होतं? बाई त्याची आई नव्हती, मावशी नव्हती. पण पंधराव्या वर्षी, वर्गातला सर्वांत उंच आणि सर्वांत बावळट मुलगा म्हणून जो मागच्या बाकावर दुमडून बसायचा, त्याला खांद्याला धरून उभं करणारी ती पहिली बाई. 'हा बघा, हा माझा पाया,' असं तिने सगळ्या संघासमोर म्हटलं होतं. खाली उभं राहून वरच्याला तोलून धरणारा तो पाया. तेच त्याचं नाव पडलं. 'पाया, तू पडू नकोस म्हणजे झालं,' हा बाईंचा ठेवणीतला विनोद, आणि दर वेळी त्या स्वतःच आधी हसायच्या. कसरतीच्या ठेक्यासाठी त्या दिवसभर एक ते आठ मोजत असायच्या, म्हणून मुलं त्यांना मागून आठबाई म्हणत. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा त्या आठाच्या पटीत चढत आणि एखादी उरली तर वर पोचल्यावर जागच्या जागी पावलं आपटून हिशोब पुरा करत. हे सगळं त्या अर्जातल्या दोन इंचांच्या रेघेवर कसं मावणार? बायकोने भांडी उचलता उचलता विचारलं, 'काय झालं?' तो म्हणाला, 'काही नाही,' आणि तेच शब्द हातात आल्यासारखं त्याने रेघेवर लिहिलं, नाही.

रात्रभर, आणि मग शुक्रवारपर्यंत, तो 'नाही' त्याच्या दातात अडकून बसला. लिहिलं असतं तर परीक्षक बदलला असता, इतकं साधं होतं. पण दुसऱ्या कुणाला बाईंचा उजवा हात ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होता. तो सतरा वर्षांचा होता तेव्हा, स्पर्धेच्या चार दिवस आधी, शाळेच्या सभागृहात सराव चालला होता. वर उभी असलेली मुलगी मागे झोकून द्यायची, खालच्या दोघांनी आणि पाठराखणीने तिला झेलायचं. शंभरदा केलेलं. त्याला आठवत होतं की सभागृहाचं दार उघडलं आणि उजेडाची एक पट्टी जमिनीवरून सरकत त्याच्या बुटापर्यंत आली. त्याने तिकडे बघितलं. कोण आलं होतं ते त्याला कधीच आठवलं नाही, बहुधा कुणीच नसावं. नजर परत आली तोवर मुलगी त्याच्या हातांच्या अलीकडून निसटली होती, आणि बाई, ज्या त्या दिवशी स्वतः मागे उभ्या होत्या, तिच्याखाली शिरल्या होत्या. मुलीचा गुडघा बाईंच्या उजव्या खांद्यावर आदळला. खडू मोडतो तसा आवाज. मुलीला खरचटलंही नव्हतं, तरी तीच रडत होती. जमिनीवर बसलेल्या बाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाल्या, 'कुणी हलू नका. आधी तिला बघा.' दीड महिन्याने हात झोळीत घालून त्या परत आल्या. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर त्याने नक्की सांगितलं असतं, असं तो पुढची सत्तावीस वर्षं स्वतःला सांगत आला. वर्ष संपलं, तो शिकायला दुसऱ्या गावी गेला, लिफ्टच्या कामात शिरला. उचललेली माणसं सुखरूप खाली आणण्याचा धंदाच निवडलास की, असं त्याचा एक मित्र थट्टेत म्हणाला होता, तेव्हा त्याने विषय बदलला होता.

शनिवारी सकाळी क्रीडागृहात बाई दिसल्या तेव्हा त्याला वाटलं, माणसं कमी होतात ती उंचीने. केस पूर्ण पांढरे, आखूड कापलेले. पायात कोरे करकरीत बूट, जे परीक्षेसाठीच घेतलेले असणार. लेखी परीक्षा त्यांनी बुधवारी दिली होती आणि शंभरात ब्याण्णव मिळवले होते. एका प्रश्नाखाली 'प्रश्नातच चूक आहे, कारण कळवावे' असा शेरा त्यांनी मारला होता, त्यावरून कार्यालयात दोन दिवस वाद चालला होता आणि प्रश्नात खरंच चूक निघाली होती. त्यांनी त्याला बघितलं. डोळे बारीक केले. मग परीक्षार्थीने परीक्षकाला करावा तसा सभ्य नमस्कार केला, पण जाता जाता पुटपुटल्या, 'पोट सुटलंय, पाया.' त्याला हसू आवरेना. शेजारी बसलेली जोडीदार परीक्षक, कसरत शिकवणारी तिशीची मुलगी, म्हणाली, 'ओळखीच्या आहेत का?' तो म्हणाला, 'जुन्या,' आणि कान तापले.

प्रात्यक्षिकाला खरी मुलगी वापरत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीच्या वजनाचा, वाळू भरलेला कॅनव्हासचा बाहुला असतो. तो दोन माणसं उंच धरतात आणि इशारा झाला की मागे सोडतात. परीक्षार्थीने मागे उभं राहून त्याचं डोकं आणि खांदे जमिनीला लागू न देता झेलायचे. या बाहुल्याच्या तोंडावर कुणीतरी निळ्या पेनने हसू काढलं होतं. पाच मुद्दे तपासायचे, प्रत्येकापुढे चौकट. तिसरा मुद्दा असा, की झेलण्यापूर्वी दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ गेलेले असावेत. तीन संधी, दोन वेळा सगळं जमायला हवं. पहिल्या झेलाला बाई अर्धं पाऊल आधीच पुढे सरकल्या आणि बाहुल्याला डाव्या हातावर आणि छातीवर घेतलं. उजवा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण तिथे ते हाड काय म्हणत असेल हे त्याच्या स्वतःच्या खांद्यात त्याला जाणवलं. डोकं सुखरूप होतं. जोडीदार मुलगी कौतुकाने म्हणाली, 'काय वेळ साधली!' दुसऱ्यांदा बाहुला जरा उजवीकडे कलला आणि त्याचं डोकं चटईवर आपटलं. वाळूचाच आवाज तो, पण त्याला घाम फुटला. तिसऱ्यांदा त्यांनी असा काही सुंदर झेल घेतला की रांगेतल्या इतर परीक्षार्थींनी टाळ्या वाजवल्या. बाहुला त्यांच्या मिठीत झोपल्यासारखा आला. उजवा हात कानाशी होता.

'सर, झेल तर झालाय,' जोडीदार हळूच म्हणाली. 'हाताचं काय, दोन इंच इकडे तिकडे. तुम्ही म्हणाल तसं.' पेन चौकटीवर धरून तो बसला होता आणि बाई समोर, घोटभर पाणी पिऊन, तोंड पुसत उभ्या होत्या. दोन खुणा केल्या की त्या उत्तीर्ण. आणि त्या हाताला वर जाऊ न देणारं जे काही होतं, त्याचा मालक तो स्वतः होता. या हातावरून त्या बाईला अडवायचा हक्क जगात इतर कुणालाही असेल, पण त्याला? तरी डोळ्यांसमोर काही केल्या येत होती ती उजवीकडे कलणारी एखादी मुलगी, खरीखुरी, वाळूची नव्हे, आणि तिच्या मागे कानाशी अडलेला हात. बाईंनी त्याला शिकवलेलं पहिलं वाक्य हेच होतं, की वरचीचा विश्वास तुझ्या चेहऱ्यावर नसतो, हातांवर असतो. त्याने तिसऱ्या मुद्द्यापुढे फुली मारली. तिन्ही वेळा. फुली मारताना त्याला कुणाचा तरी राग आला, आणि तो कुणाचा ते शोधायलाही तो धजला नाही.

निकाल सांगायला तो स्वतःच बाहेर गेला. बाई बाकावर बसून नवे बूट काढून जुन्या चपला घालत होत्या. 'तिसरा मुद्दा,' तो म्हणाला. त्यांनी मान वर केली नाही. 'तू मारलीस फुली?' 'हो.' 'हात तुला ठाऊक होता.' 'हो, बाई.' त्यांनी बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, बूट खांद्यावर टाकले, डाव्या. 'पाच आठवड्यांवर स्पर्धा आहे. सोळा मुली आहेत माझ्या. त्यांना काय सांगू, की बाईंचा हात दोन इंच कमी पडला?' आवाज चढला नव्हता, पण ओठ थरथरत होते. आपण त्यांना कधी रडताना बघितलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो घाबरला. त्या रडल्या नाहीत. उठून चालू लागल्या. जिन्याशी पोचल्या, आणि पायऱ्या उतरताना त्या मोजत नव्हत्या. ते त्याला नापासाच्या निकालापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी कामावर जाण्याआधी तो संघटनेच्या कार्यालयात गेला आणि सचिवांना म्हणाला की अर्जावर मी खोटं लिहिलं, अकरा नंबरच्या परीक्षार्थी माझ्या गुरू आहेत. सचिव निवृत्त शिक्षक होते, सगळ्या गोष्टींची त्यांना धास्ती वाटायची. 'अहो, पण तुम्ही तर त्यांना नापास केलंत! संबंध लपवून लोक पास करतात, तुम्ही हे कसलं उफराटं करून बसलात?' तरी त्यांनी प्रात्यक्षिकाची चित्रफीत दुसऱ्या दोघा परीक्षकांकडे पाठवली. बुधवारी उत्तर आलं. दोघांनीही तिसऱ्या मुद्द्यापुढे फुली मारली होती. खोट्या माहितीबद्दल त्याचं नाव एका मोसमापुरतं पंचांच्या यादीतून काढण्यात आलं. सचिवांनी हे फोनवर इतक्या दुःखाने सांगितलं की शेवटी त्यानेच त्यांची समजूत काढली. फोन ठेवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात एक विचार सरळ चालत आला, जणू इतके दिवस तो दाराबाहेरच उभा होता. पंच असताना कुणालाही संघ शिकवता येत नसे. आता तो पंच नव्हता. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं, सगळ्या पातळ्यांचं, नुसतं फायलीत पडलेलं.

बाईंचा सराव एका शाळेच्या जुन्या जेवणघरात चालायचा. तो पोचला तेव्हा सोळाही मुली चटईवर मांडी घालून बसल्या होत्या आणि बाई त्यांना काहीतरी सांगून थांबल्या होत्या. काय सांगितलं ते चेहऱ्यांवरून कळत होतं. 'कात्री!' एक मुलगी कुजबुजली आणि शेजारणीने तिला चिमटा काढला. बाई त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. 'आता काय कापायचं राहिलंय?' त्याने ठरवलं होतं की आधी प्रमाणपत्राचं बोलायचं. पण तोंडातून भलतंच आलं. 'बाई, त्या दिवशी मी दाराकडे बघत होतो. तुमचा खांदा माझ्यामुळे गेला.' सत्तावीस वर्षं घोकलेलं वाक्य इतकं छोटं निघालं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. 'कुठलं दार?' 'सभागृहाचं. उघडलं होतं ना.' 'मला नाही आठवत दार,' त्या सावकाश म्हणाल्या. 'मी सातच्या जागी आठ म्हटलं होतं. सहा, आठ. ती पोर माझ्या आकड्यावर सुटली, तुम्ही दोघं तयारच नव्हता. रोज मोजायचे तेच आकडे, आणि त्या दिवशी सात गिळला मी. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला ते कळलंय आणि तू माझी लाज राखतोयस.'

त्याने मनात ऐकायचा प्रयत्न केला. चार, पाच, सहा. उजेडाची पट्टी. सात होता की नव्हता? आवाजच आठवेना. दार उघडलं होतं हेही आता त्याला खात्रीने सांगता आलं नसतं. दोघांनी एकाच पडण्याची दोन ओझी इतकी वर्षं वेगवेगळ्या घरांत नीट झाकून ठेवली होती, आणि उघडून बघावं तर कुठलं खरं ते कळायला मार्ग नव्हता. 'तुम्ही कधी बोलला नाहीत,' तो म्हणाला. 'तू बोललास?' बाईंनी विचारलं, आणि मग त्यांना हसू फुटलं. खांदा गदगदा हलेल असं हसू, त्यातच 'आई गं' म्हणून त्यांनी खांदा धरला. त्यालाही हसू आलं. आतून सोळा मुली खिडकीला नाकं लावून बघत होत्या.

मग तो प्रमाणपत्राचं बोलला. 'दया दाखवतोस?' बाईंचा स्वर लगेच धारदार झाला. 'तसं नाही. मला रचना बसवता येत नाही, संगीत कळत नाही, आणि मुलींच्या मनात काय चाललंय ते तर अजिबात कळत नाही. शिकवाल तुम्ही. मला फक्त कडेला उभं राहता येतं.' त्यांनी खिडकीतल्या नाकांकडे बघितलं. 'चाळीस वर्षं ती कड माझी होती, पाया,' त्या म्हणाल्या. 'उद्या पाचला ये,' त्या शेवटी म्हणाल्या. 'आणि ते पोट घेऊन येऊ नकोस.'

स्पर्धेपर्यंत रोज तो कामावरून थेट तिकडे जायचा. पहिल्या आठवड्यात मुली त्याच्यासमोर अशा वागायच्या, जणू श्वास घेतला तरी अर्धा गुण जाईल. दुसऱ्या आठवड्यात सर्वांत वर चढणारी, बारीक चणीची, तोंडाळ पोर त्याला म्हणाली, 'काका, तुम्ही माझ्या तोंडाकडे कधी बघतच नाही.' त्याने बघितलं. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि वर चढताना ती भीतीने जीभ त्या फटीत घालायची. इतक्या वर्षांत वर गेलेल्या किती मुलींच्या जिभा कुठे होत्या, त्याला काय पत्ता. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

स्पर्धेच्या दिवशी बाई प्रेक्षकांत, चौथ्या रांगेत, डाव्या टोकाला बसल्या. नियम तसाच होता. तो चटईच्या कडेला उभा राहिला. पंचांच्या टेबलावर त्याच्या जागेवर ती जोडीदार परीक्षक मुलगी होती, पेन सरसावून. संगीत सुरू झालं. दीड मिनिट सगळं ठीक गेलं. मग शेवटचा मनोरा चढला, ती फटीच्या दातांची पोर वर गेली, हात पसरले, हसली, आणि त्याला तिची जीभ दिसली. मनोरा उजवीकडे कलत होता. पुढचा क्षण त्याने सगळाच्या सगळा बघितला. खालच्या मुलीचं मनगट वळलं, वरचीचा गुडघा सुटला, पाठराखण पोरीचे दोन्ही हात सरळ वर गेले. गर्दीच्या गोंगाटावरून चौथ्या रांगेतून एक फाटका, खणखणीत आवाज आला, 'सहा! सात! आठ!' आणि आठाला पोर मागे पडली ती सहा हातांत. तो स्वतः हात वर करून, ओठ घट्ट दाबून, तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा होता. तिला त्याची गरज लागली नव्हती.

निकालात ते चौथे आले. गुणपत्रिकेसोबत वजावटीची चिठ्ठी होती. मुलींनी ती त्याच्या हातातून ओढली आणि मोठ्याने वाचली, 'प्रशिक्षकाचा डावा पाय चटईवर. अर्धा गुण.' तिसऱ्या क्रमांकाशी फरक पाव गुणाचा होता. 'काका!' सोळा तोंडांतून एकदम निघालं. 'हरकत घेता येते, दहा मिनिटांत घेता येते, नियमच आहे,' फटीचे दात म्हणाले. 'रेघेवरच असेल पाय, आत नसेल.' तेवढ्यात बाई कठडा धरत धरत खाली पोचल्या. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. 'चाळीस वर्षांत माझा पाय एकदाही आत गेला नाही.'

'कलली होती ती, बाई.'

'दिसलं मला. मी चौथ्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर पाय दिला, त्याला विचार.' त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली. 'मग? घ्यायची हरकत?'

त्याला विचार करावा लागला नाही. पाय कधी उचलला गेला, कुठे पडला, टाच रेघेच्या किती आत होती, सगळं त्याला लख्ख दिसत होतं. त्यात कुठेही अंधार नव्हता. 'पाय आत होता,' तो म्हणाला. 'पूर्ण आत. मी सही करतो.' मुलींनी एक लांब सुस्कारा सोडला आणि फटीच्या दातांनी त्याच्या दंडावर एक चापट मारली, जरा जोरातच. कुणाची तरी पाठ वाकवून, तिच्यावर चिठ्ठी ठेवून त्याने खाली 'मान्य' असं लिहिलं आणि नाव टाकलं. बाईंनी चिठ्ठी घेतली, पुन्हा लांब धरली, सहीकडे बराच वेळ बघितलं.

'अक्षर अजून तसंच गचाळ आहे,' त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठीची नीट घडी घालून ती स्वतःच्या पिशवीत ठेवली.